नशापाणी, खर्रा आणि ख्रिस्ती विश्वास: विदर्भातल्या खेड्यांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात ख्रिस्ती म्हटलं की एकच पंथ समोर येत नाही. नागपूर-अमरावतीकडे कॅथलिक धर्मग्रामं आणि सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळ्या, वाशीम-बुलडाण्याकडे नाझरीन, अकोला-खामगाव पट्ट्यात अलायन्स, मेळघाटात कोरकू विश्वासणारे, आणि आता गावोगावी घरातल्या प्रार्थना सभा. नशेबद्दल या सगळ्यांचं म्हणणं तंतोतंत एक नाही, म्हणून फरक असेल तिथं तो सांगितला आहे. ‘नशा’ या शब्दात आम्ही दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, हुंगायचं पंक्चरचं सोल्युशन आणि खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) एवढं धरतो. खर्रा या यादीत पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या.

पवित्र शास्त्रात गांजाचं, गोळ्यांचं नावच नाही. मग मनाई कुठून आली?

नाव नाही हे खरं. मनाई चार पत्रांतून काढली जाते. इफिसकरांस ५:१८ मद्याने मस्त होऊ नका म्हणतं आणि पेत्राचं पहिलं पत्र ५:८ सावध, शुद्धीवर राहायला सांगतं. करिंथकरांस पहिल्या पत्रातलं ६:१२ असं की मोकळीक सगळ्याची असली तरी मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही. त्याच अध्यायाची १९-२० वचनं शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हणतात. आणि रोमकरांस १४:२१ सांगतं की ज्यानं भाऊ अडखळेल ते खाऊ-पिऊ नये.

उपदेशात सगळ्यात जास्त वापरलं जातं ते ‘शरीर मंदिर आहे’. मात्र तिथला मूळ विषय वेश्यागमनाचा आहे आणि नशेला तो पुढं लावलेला आहे. लावणं चूक नाही, पण आमच्या मते खेड्यात खरी कसोटी ६:१२ चीच. ‘पितोस का?’ यापेक्षा ‘सकाळी उठल्यावर त्याच्यावाचून तुझं चालतं का?’ हा प्रश्न जास्त खोल जातो. त्यात दारूडा सापडतो तसा रोज रात्री गोळी घेणारा गुरुजीही सापडतो.

गलतीकरांस पत्रातलं ‘चेटके’ म्हणजेच ड्रग्ज, असं आमचे पास्टर सांगतात. बरोबर आहे का?

अर्धवट. मूळ ग्रीक शब्द ‘फार्माकेइया’ आहे आणि फार्मसी हा शब्द त्याच घराण्यातला, इथवर ठीक. पण त्या काळी या शब्दात काढे, विष, मंत्रतंत्र असं सगळं यायचं, आणि ५:२० मध्ये तो मूर्तिपूजेच्या शेजारी उभा आहे. म्हणजे मराठीतलं ‘चेटके’ योग्यच. मद्यपीपणा पुढच्याच वचनात वेगळा सांगितला आहे, तेव्हा नशेविरुद्ध बोलायला या शब्दाची ओढाताण करायची गरजच नाही. तसा ताणला तर आरोग्य उपकेंद्रातली तापाची गोळीही पापात जाईल, आणि काही सभांत ती गेलेलीही आहे. तिथं लोक बीपीची औषधं बंद करून बसतात.

उत्पत्ती १:२९ मध्ये देवानं बी देणारी प्रत्येक वनस्पती माणसाला दिली. गांजाही वनस्पतीच ना?

धोतराही बी देणारीच वनस्पती आहे. शेताच्या धुऱ्यावर उगवतो म्हणून त्याची भाजी कोणी करत नाही. ते वचन अन्नाबद्दल आहे.

थोडी शिकलेली पोट्टी याच्या पुढचा मुद्दा काढतात की निर्गम ३० मधल्या अभिषेकाच्या तेलात गांजा होता. १९३६ मध्ये सुला बेनेट या पोलिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो तर्क मांडला. बहुतेक अभ्यासक तिथं वेखंडासारखी सुगंधी वनस्पती धरतात. मात्र इस्राएलातल्या तेल अराद इथल्या जुन्या देवळाच्या एका वेदीवर गांजाचे अंश सापडले, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आणि ते नाकारायचं कारण नाही. तिथं काय जाळलं गेलं ते उत्खनन सांगतं. तसं करण्याची आज्ञा मात्र शास्त्रात कुठं नाही.

येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला. मग मोहाची दारू का चालत नाही?

काना या गावच्या लग्नातला तो द्राक्षारस खरा होता. काही पंथ तो न आंबवलेला रस होता म्हणतात, पण मेजवानीचा कारभारी ‘लोक प्यायल्यावर हलका वाढतात’ असं बोलतो, त्यामुळे तो अर्थ ओढूनताणून वाटतो. फरक दुसरीकडे आहे. तो आंबवलेला रस होता आणि त्या काळी त्यात बहुधा पाणी मिसळून पीत. भट्टीवर आसवून काढलेली दारू ही फार पुढच्या शतकांतली गोष्ट. आज दुकानातल्या विदेशी म्हणवणाऱ्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. शिवाय नीतिसूत्रे २३:२९-३५ मध्ये डोळे लाल झालेल्या, मार खाऊनही कळलं नाही म्हणणाऱ्या आणि उठल्यावर पुन्हा शोधत निघणाऱ्या माणसाचं जे वर्णन आहे, ते द्राक्षारसाचंच आहे.

तीमथ्याला पौलानं पोटासाठी थोडा द्राक्षारस सुचवला (पहिलं पत्र ५:२३). ‘थोडा’ आणि ‘दुखण्यासाठी’ हे दोन शब्द गाळून हे वचन सांगणारा भेटला, तर ते त्याला पुन्हा वाचायला लावा.

कोणता पंथ नेमकं काय म्हणतो?

कॅथलिक शिकवणीत मद्य मुळात पाप नाही, अतिरेक पाप आहे. ड्रग्जबाबत मात्र ती कडक आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२९१ म्हणतो की निव्वळ उपचाराचं कारण सोडून ड्रग्ज घेणं हा गंभीर अपराध आहे, आणि चोरून बनवणं-विकणं तर निंद्यच. तंबाखूचा अतिरेक त्याच्या आधीच्या परिच्छेदात येतो. पोप फ्रान्सिस यांनी जून २०१४ मध्ये सौम्य ड्रग्ज कायदेशीर करण्यालाही विरोध केला होता.

नाझरीन, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट आणि साल्व्हेशन आर्मी यांच्यात दारू, तंबाखू, ड्रग्ज तिन्ही वर्ज्य. साल्व्हेशन आर्मीचा सैनिक, म्हणजे तिथला पक्का सभासद, तर तशी लेखी प्रतिज्ञाच करतो. बहुतेक पेंटेकॉस्टल सभाही पूर्ण वर्ज्य मानतात. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन झाली, म्हणून तिच्यात अँग्लिकन वळणाची मोकळीक आणि बॅप्टिस्ट वळणाची पूर्ण मनाई दोन्ही दिसतात. औषधाविना ड्रग्ज चालतात असं मात्र यातलं कोणीच म्हणत नाही. गांजाच्या बाजूनं बोलणारे ख्रिस्ती लेखक परदेशात आहेत, थोडे.

खर्ऱ्यालाही नशा म्हणायचं का? आमचे पंचही खातात.

म्हणायचं. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटला की खर्रा होतो, आणि त्यात सवय लावणाऱ्या दोन गोष्टी असतात: तंबाखूतलं निकोटिन आणि सुपारीतलं अरेकोलिन. ‘मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी’ हा बचाव टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे.

घरबसल्या तपासणी सोपी आहे. तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, दातांमध्ये घाला. जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालाच्या आत पांढरट आणि दोरीसारखं ताठ लागत असेल, तर ते सुपारीनं आलेलं लक्षण असू शकतं. ताठ झालेला गाल पूर्ण पूर्ववत होत नाही. खर्रा लगेच बंद केला तर वाढ रोखता येते. दोन आठवड्यांहून जास्त न भरलेला फोड किंवा चट्टा सरळ दंतवैद्याला दाखवायचा.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड, डोकं धरणं, शौचाला न होणं. दोन ते चार आठवड्यांत ओढ उतरते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिला खर्रा लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमची निकोटिन गोळी-च्युइंगम सुचवतात, नाहीतर २ ची. ती खर्ऱ्यासारखी सतत चघळायची नाही. थोडी चावून गालात दाबून ठेवायची, नाहीतर उचकी आणि मळमळ होते. जबडा उघडतच नसेल तर च्युइंगमऐवजी पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. लोक फसतात ते बहुतेक कापूस वेचणीच्या, नाहीतर रात्री पाणी द्यायच्या दिवसांत. भूक आणि झोप मारायला खर्रा लागतो, म्हणून सोडायची तारीख हंगाम पाहून ठरवा आणि खिशात भाजलेले चणे किंवा बडीशेप ठेवा.

महिन्याचा हिशेबही करून बघा. वीस रुपयांचे रोज चार धरले तर २,४०० रुपये होतात. दशमांशाची (मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देण्याची) चिंता करणाऱ्या घरात हा आकडा कोणी मांडत नाही.

पंचांबद्दल: तीमथ्याला पहिलं पत्र ३:८ सेवकांना मद्यासक्त नसावं म्हणतं. मंडळीच्या भिंतीला पिचकाऱ्या असताना दारूबंदीचा उपदेश कोणी ऐकत नाही. सुरुवात आवारापासून करा. देवळाच्या कुंपणाआत खर्रा, बिडी, नस काहीच नाही, पास्टरलाही नाही.

मोहाची दारू आमच्या समाजाच्या रीतीत आहे. लग्नाला, देवाला, मयतीला लागतेच. ख्रिस्ती झालेल्यानं काय करावं?

यात दोन गोष्टी गुंतल्यात, त्या सुट्या करा. देवाला वाहिलेली दारू घेण्याचा प्रश्न करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ८ आणि १० व्या अध्यायात मूर्तीला वाहिलेल्या मांसाच्या रूपात आलेला आहे. तिथला सल्ला असा की विधीत भागीदार होऊ नका, पण भावकीशी जेवणं तोडू नका. दुसरी गोष्ट नशेची, आणि तिचं उत्तर वर आलं आहे.

मोहाशी वैर नको. मोहफूल हे अन्न आहे. वाळवून, भाजून, लाडू करून खाल्लं जातं, आणि गोळा करणाऱ्या बाईच्या हातात उन्हाळ्यात रोख पैसा देतं. झाडालाच सैतानाचं म्हणणारा उपदेश तिच्या पोटावर पाय देतो. व्यवहारात असं करता येतं: लग्नात मांडवाच्या आतलं जेवण आणि पाणी तुमच्याकडे, पण पिण्याचा खर्च उचलायला नम्रपणे नकार. ‘पैसे नाहीत’ असं खोटं सांगू नका, पुढच्या लग्नात ते उघडं पडतं.

एक धोका सांगायलाच हवा. भेसळीच्या दारूत मिथेनॉल असेल तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नजर धूसर होते, पोट दुखतं, श्वास जोरात चालतो. ही उतरलेली नशा नव्हे. १०८ ला फोन करा आणि सोबत प्यायलेल्या सगळ्यांना दवाखान्यात न्या, ज्याला काही होत नाही त्यालाही.

होळीची भांग, पोळ्याची कर?

कायद्यात भांगेची पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, पण राज्याच्या परवान्याविना ती विकता येत नाही. विश्वासाच्या दृष्टीनं फरक शून्य. करीच्या, म्हणजे सणाच्या दुसऱ्या, दिवशी पोट्ट्यांना ‘जाऊ नका’ एवढंच सांगून उपयोग नाही. त्या दुपारी कबड्डी, जेवण, काहीतरी ठेवा.

उपास-प्रार्थना करून एका दिवसात दारू सोडवावी का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथं माणूस दगावू शकतो.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं, विशेषतः सकाळी उठल्याबरोबर लागणाऱ्यानं, दारू झटक्यात बंद केली तर शरीर उसळतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, उलटी होते. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना वात होतो: ताप, छातीत धडधड, अंगावर किडे चालताना दिसणं, मेलेली माणसं दिसणं, कुठं आहोत ते न कळणं. सभेत आणलेल्या अशा माणसाला दुष्टात्मा लागला समजून चार जण धरून ठेवतात आणि रात्रभर प्रार्थना चालते. आधी एकच विचारा: शेवटची कधी प्याला? उत्तर दोन-चार दिवसांपूर्वीचं असेल तर गाडी काढा. प्रार्थना गाडीत करता येते.

त्यात उपास घातला तर साखर आणि पाणी दोन्ही घसरतात. म्हणून नियम असा ठेवा की उपास घरच्यांनी आणि मंडळीनं करावा, सोडणाऱ्यानं जेवावं. गावातल्या डॉक्टरकडे ग्लुकोजचं सलाईन लावायचं असेल तर आधी थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन द्यायला सांगा. उपाशी दारूड्याला थायमिनशिवाय ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दवाखान्यात साधारण आठवडाभर, रोज कमी करत नेलेल्या गोळ्यांवर हे काम सुखरूप होतं. त्या गोळ्या घरी उधार आणून द्यायच्या नाहीत, त्यांचीच सवय लागते.

आधी कधी फिट आलेली असेल, आधी वात झालेला असेल, कावीळ असेल किंवा वय जास्त असेल, तर घरी प्रयत्नच करू नका. आणि रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यालाही हेच लागू. त्यांची ओढ तर आठवड्यानंतरही फिट आणते.

गांजा, तंबाखू झटक्यात सोडता येतात. त्रास होतो, जीव जात नाही. हेरॉइन किंवा कोडीनचं (खोकल्याचं) औषध सोडणारा काही दिवस तळमळतो, जुलाब होतात. त्याचा खरा धोका नंतर आहे. महिनाभर सुटल्यावर जुन्याच मापानं पुन्हा घेतलं तर शरीराला ते झेपत नाही आणि श्वास थांबतो.

देव एका क्षणात सोडवू शकतो का? विश्वासणारे हो म्हणतील, आणि तशा साक्षी आहेतही. पण ओढ सुटली तरी शरीराची सवय उतरायला दिवस लागतात. दवाखान्यात गेला म्हणून विश्वास कमी, असं म्हणणाऱ्यानं आपला चष्मा आधी काढून ठेवावा.

बाजारात ‘न सांगता जेवणात टाका’ अशी पावडर मिळते. द्यावी का?

नाही. काहींत डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. त्यावर दारू प्याली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी कोसळतं. हृदय कमजोर असेल तर मृत्यूही येऊ शकतो. हेच औषध डॉक्टर देतात ते माणसाला सांगून, तपासणी करून, शेवटच्या पेल्यानंतर निदान १२ तासांनी. फसवून दिलेलं कळलं की नवऱ्याचा बायकोच्या ताटावरचा विश्वास उडतो, तो वेगळाच.

मुलगा गांजा ओढतो. पास्टरला सांगितलं तर पोलीस येतील का?

पास्टरला सांगणं म्हणजे पोलिसात देणं नव्हे. कॅथलिक पापनिवेदनात सांगितलेलं तर फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची १ किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ आणि २० किलोच्या पुढं व्यापारी धरतात. अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्याच कायद्याचं कलम ६४-अ मात्र स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देतं, उपचार पूर्ण केला तर. कोणी कपाशीत, तुरीत चार झाडं लावायला सांगत असेल तर सावध राहा. लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सातबाऱ्यावर नाव बापाचं असतं.

गांजानंतर मुलाला आवाज ऐकू येऊ लागले, सगळे माझ्यावर टपलेत असं तो म्हणू लागला, तर मनोविकार तज्ज्ञाकडे न्या. सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगणाऱ्या पोराला पाहून ओरडत पाठलाग करू नका. त्या वेळी घाबरून धावल्यास हृदय अचानक थांबू शकतं. शांत बसवा, हवा येऊ द्या, मग रागवा.

कर्करोगाच्या दुखण्यावर मॉर्फीन देतात. तेही ड्रग्जच ना?

औषध आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच वेदना शमवायला शुद्ध मंद करणारी औषधं देणं योग्य ठरवलं होतं, आणि प्रोटेस्टंट पंथांचाही त्याला विरोध नाही. येशूनं वधस्तंभावर खिळण्याआधी देऊ केलेला बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला (मार्क १५:२३), म्हणून आजारी बाईनं कळा सोसाव्यात असं कोणी सांगत असेल, तर ते त्या वचनावर लादलेलं आहे.

पिणाऱ्याला मंडळीतून काढावं का?

मत्तय १८:१५-१७ ची पायरी आधी: एकट्यानं बोलणं, मग दोघांसोबत, मग मंडळी. गलतीकरांस ६:१ सौम्यतेनं ताळ्यावर आणायला सांगतं. पुन्हा पिणं हे या आजारात नेहमीचं आहे, त्याला ढोंग समजू नका. पदावरून थांबवा, वाद्यवृंदातून थांबवा, उपासनेतून नको. मदत रोख देऊ नका. किराणा द्या, शाळेची फी शाळेत भरा. बायकोला मारत असेल तर ‘क्षमा कर’ हा सल्ला त्या रात्री चुकीचा. आधी तिची आणि लेकरांची सोय दुसऱ्या घरी करा. आणि जो विकतो, त्याच्याशी पिणाऱ्यापेक्षा कडक व्हा. खेड्यात सहसा उलटं होतं, कारण विकणाऱ्याचं दान मोठं असतं.

वर्धा, गडचिरोलीत तर दारूबंदी आहे. मंडळीला वेगळं काय करायचं उरलं?

वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. चोरून मिळतेच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. जिथं परवान्याचं दुकान आहे तिथं महिलांच्या मतदानानं ते बंद करता येतं. निम्म्याहून अधिक मतदार महिलांनी ‘आडवी बाटली’ला, म्हणजे दुकान बंद करायला, मत द्यावं लागतं. घरी राहिलेली बाई त्यात विरोधातच मोजली जाते, म्हणून महिला मंडळानं त्या दिवशी वाहनाची सोय करावी.

केंद्र कसं निवडावं?

नोंदणी विचारा, डॉक्टर रोज येतो का विचारा, घरच्यांना भेटू देतात का पाहा. साखळीनं बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंद आहे, मग ते प्रार्थना घर असो की दर्गा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयं इथं मनोविकार विभागात विचारा. फोनवर सल्ला हवा असेल तर नशामुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी १४४१६, तंबाखूसाठी १८००-११-२३५६. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका फुकट असतात. ती चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत एका ख्रिस्ती गटाच्या वळणातूनच निघाली, पण तिथं कोणाचाही धर्म विचारत नाहीत.

दारू सोडलेल्यानं प्रभुभोजनाचा प्याला घ्यावा का?

आंबवलेला असेल तर नको. डायसल्फिराम चालू असेल तर मुळीच नको, आणि गोळी बंद केल्यावरही १४ दिवस नको. कॅथलिक मिस्सेत नुसत्या भाकरीनंही सहभाग पूर्ण मानला जातो, आणि व्यसनातून उठलेल्या धर्मगुरूला परवानगीनं ‘मुस्तुम’, म्हणजे ताजा किंवा आंबणं थांबवलेला द्राक्षांचा रस, वापरता येतो. मेथडिस्ट परंपरेत द्राक्षांचा साधा रसच चालतो. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यानं १८६९ मध्ये तो उकळून टिकवायची रीत याचसाठी काढली. खेड्यात काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून रस करतात. तो त्याच सकाळी करा. आदल्या दिवशी करून झाकून ठेवलात तर मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हानं तो उपासनेआधीच आंबायला लागतो. आणि साधा रस ठेवायचा तर सगळ्यांसाठी एकच ठेवा. एका माणसासाठी वेगळा पेला मांडला की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडेच जातात.